बॅरिस्टर झालीस ना, मग अजून ट्रेनिंग कसलं?

कॉल डेचा, म्हणजे बॅरिस्टर म्हणून अधिकृत नाव लागतं त्या समारंभाचा, फोटो मी फॅमिली ग्रुपवर टाकला आणि तासाभरात साताऱ्यापासून सिडनीपर्यंत सगळ्यांचं "अभिनंदन बॅरिस्टरसाहेब" सुरू झालं, काकांनी तर गल्लीत पेढे वाटले. महिनाभराने आत्याचा फोन, काय गं, आता केस-बिस लढतेस का कोर्टात? मी म्हटलं नाही आत्या, अजून वर्षभराचं ट्रेनिंग बाकी आहे आणि त्या ट्रेनिंगला जागाच मिळालेली नाही अजून. पलीकडे शांतता. मग, "बॅरिस्टर झालीस ना? मग अजून ट्रेनिंग कसलं?"

हाच प्रश्न इतक्या जणांनी विचारलाय की एकदाचं लिहूनच टाकते. मी सांगतेय ते इंग्लंड आणि वेल्सचं. स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडचा कारभार वेगळा आहे, स्कॉटलंडमध्ये तर शिकाऊ वकिलाला चक्क डेव्हिल म्हणतात आणि ट्रेनिंगला डेव्हिलिंग, आत्याने हे ऐकलं असतं तर आधी मीठ-मोहऱ्या घेऊन माझी दृष्टच काढली असती.

आत्याचं चुकत नाही म्हणा. आपल्याकडे बॅरिस्टर म्हटलं की डोळ्यासमोर येतात बाबासाहेब, गांधीजी, बॅरिस्टर नाथ पै. लंडनला गेले, बॅरिस्टर होऊन आले, विषय संपला. आणि त्या काळी खरंच तसं होतं. गांधीजींना १० जून १८९१ ला लंडनच्या इनर टेंपल ह्या संस्थेने बॅरिस्टर केलं, ११ ला त्यांनी हायकोर्टात नाव नोंदवलं आणि १२ ला ते बोटीत बसले. मधे ट्रेनिंग नावाची गोष्टच नाही. पुढे काय झालं तेही त्यांनी स्वतःच प्रामाणिकपणे सांगून ठेवलंय: मुंबईच्या स्मॉल कॉजेस कोर्टात पहिली केस, फी ३० रुपये, उलटतपासणीला उभे राहिले आणि तोंडातून एक प्रश्न निघेना, डोकं गरगरायला लागलं, शेवटी खाली बसले आणि पक्षकाराच्या माणसाला फी परत घेऊन दुसरा वकील करायला सांगितलं.

तर आत्या, ट्रेनिंग कसलं, तर ह्याचं. कागदावर बॅरिस्टर होणं आणि कोर्टात उभं राहून तोंड उघडणं ह्यात जे अंतर आहे ते पार करायचं ट्रेनिंग.

आधी एक गोंधळ मिटवू. इंग्लंडमध्ये वकिलांच्या दोन जाती, सॉलिसिटर आणि बॅरिस्टर. मोघम सांगायचं तर सॉलिसिटर अशिलाला भेटतो, कागदपत्रं जमवतो, पत्रव्यवहार करतो, आणि प्रकरण कोर्टात उभं राहायची वेळ आली किंवा एखाद्या किचकट मुद्द्यावर लेखी मत हवं असलं की बॅरिस्टरला ब्रीफ करतो, म्हणजे केसचे कागद देऊन काम सोपवतो. सीमारेषा आता पुसट झालीय, सॉलिसिटरही कोर्टात बोलतात, पण ढाचा तोच आहे. मुंबईकरांना हे नवीन वाटू नये, मुंबई हायकोर्टाच्या ओरिजिनल साइडला बरीच वर्षं अशीच विभागणी होती. इंग्लंड-वेल्समध्ये प्रॅक्टिस करणारे बॅरिस्टर साधारण १७-१८ हजार आहेत आणि पाचातले चार स्वतंत्र धंदा करणारे, म्हणजे नोकरी नाही, पगार नाही. दहा-वीस-पन्नास-शंभर जण मिळून एक जागा घेतात, क्लार्क ठेवतात, त्याला चेंबर्स म्हणायचं. एकाच छपराखाली बसतात पण प्रत्येकाची चूल वेगळी.

आता टप्पे. पहिला शिक्षणाचा, लॉची डिग्री किंवा दुसरी कुठली डिग्री करून वर एक कन्व्हर्जन कोर्स. ह्यात सांगण्यासारखं काही नाही, परीक्षा सगळीकडे सारख्याच.

मग इन, म्हणजे बॅरिस्टरांची जुनी संस्था. लंडनमध्ये अशा चार इन आहेत, लिंकन्स इन, इनर टेंपल, मिडल टेंपल आणि ग्रेज इन, आणि बॅरिस्टर बनवण्याचा अधिकार फक्त ह्या चौघांना. युनिव्हर्सिटी नाही, सरकार नाही, कोर्टही नाही. ह्यातल्या एकीचं सभासद व्हायचं आणि पूर्वी तिथे ठरावीक वेळा जेवायला जायचं. हो, जेवायला! गांधीजींच्या काळी बारा सत्रं आणि प्रत्येक सत्रात निदान सहा जेवणं. चौघांच्या टेबलाला वाइनच्या दोन बाटल्या मिळायच्या आणि गांधीजी घेत नसत, त्यामुळे आपल्या टेबलावर गांधी पाहिजे म्हणून बाकीचे मागे लागायचे. आता ह्याला क्वालिफाइंग सेशन म्हणतात आणि दहा करावी लागतात. त्यात जेवणं आहेत तशी व्याख्यानं आहेत, शनिवार-रविवारची निवासी शिबिरं आहेत. मला आधी हा सगळा साहेबी थाट वाटला होता, पण माझ्या शेजारी बसलेल्या एका म्हाताऱ्या जजनी सूप पिता पिता जे सांगितलं की साक्षीदार खोटं बोलतोय असं वाटलं की आवाज चढवू नकोस, उतरव, ते मला दोन वर्षांच्या लेक्चरमध्ये कोणी सांगितलं नव्हतं.

बाबासाहेब ग्रेज इनचे. नोव्हेंबर १९१६ मध्ये नाव घातलं, मधे स्कॉलरशिपची मुदत संपल्यामुळे परत यावं लागलं, पुन्हा गेले आणि २८ जून १९२२ ला कॉल झाला. तिथे आता त्यांच्या नावाची एक खोली आहे. आणि १९२१-२२ मध्ये ते जिथे राहत होते ते किंग हेन्रीज रोडवरचं १० नंबरचं घर महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये विकत घेऊन स्मारक केलंय, लंडनला गेलात तर बघून या.

त्यानंतर बार कोर्स, पूर्णवेळ केला तर वर्षाच्या आत-बाहेर. फी दहा हजार पाउंडांच्या बरीच वर, कुठे करता त्यावर अवलंबून, इन स्कॉलरशिप देतात आणि त्या खरंच मोठ्या असतात त्यामुळे लाजू नका, अर्ज करा. कोर्सला दिवाणी आणि फौजदारी प्रक्रियेचे पेपर असतात, सगळ्या कॉलेजांना एकच मध्यवर्ती परीक्षा, चार पर्याय देतात आणि चारही बरोबर वाटतात. शिवाय दावे-कैफियती लिहिणं, लेखी मत देणं, अशिलाशी बोलणं. पण खरा जीव जातो तो अ‍ॅडव्होकसीच्या, म्हणजे कोर्टात बाजू मांडायला शिकवणाऱ्या वर्गात.

हे वर्ग कसे चालतात ते जवळून सांगते कारण ह्याची मजा वेगळी आहे. शिकवायची पद्धत जॉर्ज हॅम्पेल नावाच्या ऑस्ट्रेलियन जजनी बसवलेली. तुम्ही उभं राहून पाच मिनिटं उलटतपासणी घ्यायची, मग शिकवणारा तुम्हाला थांबवतो आणि एकच चूक उचलतो. एकच. दहा दिसल्या असतील तरी एकच. आधी सांगतो की मी आज कशाबद्दल बोलणार आहे, मग तुम्ही बोललेलं शब्दन् शब्द वाचून दाखवतो (हा भाग सगळ्यात बेक्कार, आपणच बोललेलं दुसऱ्याच्या तोंडून ऐकणं), मग त्यात काय चुकलं, मग काय करायला हवं होतं, मग स्वतः करून दाखवतो, मग तुम्ही परत करायचं. आपल्याकडे गाण्याच्या क्लासला एकच पलटा गुरुजी पन्नास वेळा घ्यायला लावतात ना, तसंच.

माझी चूक होती लांबलचक प्रश्न. सरावाच्या केसमध्ये एक साक्षीदार होता, म्हणे त्याने रात्री मारामारी बघितली. मी विचारलं, "अंधार होता आणि तुम्ही लांब होता आणि मधे गाड्याही होत्या त्यामुळे तुम्हाला चेहरा नीट दिसला नसणार, बरोबर ना?" साक्षीदार झालेला मुलगा शांतपणे म्हणाला, "नाही, मला एकदम नीट दिसला." संपलं. स्वतःच्या हातानेच दार उघडून दिलं मी त्याला. मग सरांनी करून दाखवलं.

"रात्रीचे ११ वाजून गेले होते."
"हो."
"दुकानं बंद झाली होती."
"हो."
"तुम्ही बसस्टॉपवर होतात."
"हो."
"बसस्टॉप रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला."
"हो."
"तेवढ्यात बस आली."
"...हो."
"तुमच्या आणि त्या माणसांच्या मधे थांबली."
"हो."

आणि सर खाली बसले. नीट दिसलं नसणार हे विचारलंच नाही! ते शेवटच्या युक्तिवादात ज्युरीला सांगायचं, साक्षीदाराला कशाला विचारायचं. एका प्रश्नात एकच गोष्ट, आणि तीही अशी की उत्तर हो शिवाय दुसरं येऊच शकत नाही. आरोपीचं म्हणणं साक्षीदारापुढे ठेवावं लागतं तो नियम आहेच, पण निष्कर्ष त्याच्याकडून कबूल करून घ्यायच्या फंदात पडायचं नाही. ऐकायला सोपं आहे, मला जमायला चार महिने लागले आणि अजूनही दमले असले की जुनी सवय वर येते.

कोर्स पास, दहा सेशन पूर्ण, की तुमची इन तुम्हाला कॉल करते. हॉलमध्ये समारंभ, विग, गाऊन, गळ्यात दोन पांढऱ्या पट्ट्या, आईवडील रडतात, फोटो. तोच तो फोटो. इथून पुढचा भाग आत्याला पटत नाही: कॉल झाला तरी प्युपिलेज, म्हणजे ते वर्षभराचं ट्रेनिंग, झालं नसेल तर तुम्हाला कोर्टात बॅरिस्टर म्हणून उभं राहता येत नाही, इतकंच काय, कायद्याचं काही काम करताना मी बॅरिस्टर आहे असं सांगायलासुद्धा बंदी आहे. म्हणजे काकांनी पेढे वाटले ते ठीक, पण मी त्या जोरावर कोणाला सल्ला दिला असता तर माझ्यावरच कारवाई.

प्युपिलेज म्हणजे बारा महिन्यांची उमेदवारी. आणि खरी चाळणी इथे लागते. बार कोर्सला दरवर्षी दोनेक हजार लोक बसतात, त्यात परत आपल्या देशी जाणारेही बरेच असतात, पण प्युपिलेजच्या जागा निघतात पाचशे-सहाशेच्या घरात, आणि त्या जागांसाठी मागच्या वर्षी राहिलेले, त्याच्या मागच्या वर्षी राहिलेले सगळे रांगेत असतात. अर्ज जानेवारी-फेब्रुवारीत एका ऑनलाइन गेटवेवरून, जास्तीत जास्त वीस ठिकाणी, निकाल मे महिन्यात. कोर्स झाल्यापासून पाच वर्षांच्या आत प्युपिलेज सुरू झालं पाहिजे, नाहीतर केलेला कोर्स शिळा धरतात. मी पहिल्या वर्षी वीसच्या वीस भरले, दोन इंटरव्ह्यू, शून्य ऑफर. वर्षभर एका सॉलिसिटरकडे पॅरालीगल म्हणून फोटोकॉपी काढल्या, फाइली लावल्या आणि पोलिसांच्या कागदपत्रात काय कुठे दडलेलं असतं ते शिकले. दुसऱ्या वर्षी पाच इंटरव्ह्यू, एक ऑफर. एकच लागते म्हणा.

इंटरव्ह्यूत काय विचारतात हे सगळे विचारतात. कायदा कमी. पंधरा मिनिटं आधी एक कागद देतात, जामीन अर्ज किंवा शिक्षा कमी करा म्हणून विनंती, आणि मग समोर चार-पाच जण बसलेले असतात त्यांच्यापुढे तो मांडायचा. तुम्ही एक बाजू घेतली की ते दुसरी घेतात आणि ढकलत राहतात, बघायचं असतं की तुम्ही चिडता का, ढासळता का, आणि मुद्दा खरंच हरला असेल तर कबूल करता का. आपल्याला मोठ्यांपुढे वाद घालायची सवय नसते, मला तर नव्हतीच, "हो सर बरोबर आहे तुमचं" हे तोंडात बसलेलं. पहिल्या वर्षीचा माझा एक इंटरव्ह्यू ह्यातच गेला असं मला पक्कं वाटतं.

पैशाचं सांगते, कारण ते कोणी सांगत नाही. एके काळी उलटं होतं, शिकाऊ माणूस आपल्या मास्टरला शंभर गिनी देऊन शिकायचा. मग फुकट झालं. २००३ पासून चेंबर्सनी पैसे देणं सक्तीचं आहे, किमान रक्कम दरवर्षी ठरते, २०२४ मध्ये लंडनसाठी वर्षाला २३,०७८ पाउंड आणि बाहेर २१,०६० होती. लंडनचं घरभाडं माहीत असलेल्यांना कळेल ह्यात किती तंगी आहे. आणि त्याच लंडनमध्ये मोठ्या कमर्शियल चेंबर्स प्युपिलला, म्हणजे शिकाऊ बॅरिस्टरला, ७५ हजारांच्या वर देतात! कंपन्यांच्या भांडणात पैसा आहे, चोरी-मारामारीत नाही.

आता ते बारा महिने. त्याचे दोन तुकडे, फर्स्ट सिक्स आणि सेकंड सिक्स, सहा-सहा महिन्यांचे.

फर्स्ट सिक्समध्ये तुम्ही सावली. एक प्युपिल सुपरवायझर नेमलेले असतात, ते जातील तिथे जायचं, मागे बसायचं, ऐकायचं, लिहून घ्यायचं. कोर्टात एक शब्द बोलायचा नाही, तो अधिकारच नसतो. माझ्या सुपरवायझर पंचावन्नच्या आसपास, वीस-पंचवीस वर्षं क्राउन कोर्टात, म्हणजे मोठ्या फौजदारी खटल्यांच्या कोर्टात, घालवलेली बाई, आणि पहिल्या दिवशी म्हणाल्या मला नावाने हाक मार. अहो कसं मारणार? महिनाभर मी त्यांना कशानेच हाक मारली नाही, समोर जाऊन उभी राहायची आणि घसा खाकरायची.

काम काय, तर नोट घेणं. साक्षीदार जे बोलतो ते शब्दशः, कारण दुपारी सुपरवायझर उलटतपासणीला उभ्या राहणार आणि मान न वळवता हात मागे करणार, त्या हातात तुमची वही, आणि सकाळी साक्षीदार "बहुतेक" म्हणाला होता की "नक्की" हे त्या पानावर सापडलं पाहिजे. मी एकदा "बहुतेक" गाळलं होतं. ओरडल्या नाहीत, फक्त कॉफी पिताना म्हणाल्या की माणसाची दोन-तीन वर्षं कधीकधी त्या एका शब्दात असतात.

दुसरं काम, त्यांच्यासाठी कच्चे मसुदे लिहिणं. कोर्टात बोलायच्या आधी मुद्दे लेखी द्यावे लागतात, त्याला स्केलेटन आर्ग्युमेंट म्हणतात, नावाप्रमाणे सांगाडा, मांस नको. मी पहिला सांगाडा दिला अकरा पानांचा, चांगला गलेलठ्ठ. परत आला तेव्हा त्यात "स्पष्टपणे", "निःसंशय", "अत्यंत" असले सगळे शब्द खोडलेले होते आणि समासात लिहिलं होतं: स्पष्ट असेल तर म्हणायची गरज नाही, नसेल तर म्हणून होणार नाही. शेवटी साडेतीन पानं उरली, आणि तीच चांगली होती.

ह्या सहा महिन्यांत न शिकवता शिकायच्या रीतीभाती पण असतात. कोर्टात "मला वाटतं" म्हणायचं नाही, तुमच्या वाटण्याशी कोणाला कर्तव्य नसतं, "माझं निवेदन आहे" म्हणायचं. समोरचा बॅरिस्टर असेल तर माझे विद्वान मित्र, सॉलिसिटर असेल तर नुसते मित्र, विद्वान गळतं! सर्किट जजला युअर ऑनर, हायकोर्टाच्या जजला माय लॉर्ड किंवा माय लेडी, आणि डिस्ट्रिक्ट जजला डिसेंबर २०२२ पासून नुसतं जज. बॅरिस्टर एकमेकांशी हात मिळवत नाहीत ही जुनी रीत आहे. ब्रीफ गुलाबी फितीने बांधलेलं असतं, सरकारी पक्षाचं पांढऱ्या. आता सगळं लॅपटॉपवर आलंय त्यामुळे फिती कमी दिसतात. गाऊन ठेवायची कापडी पिशवी निळी असते, आणि एखाद्या मोठ्या केसमध्ये तुम्ही फार छान काम केलंत असं सिनिअर किंग्ज काउन्सेलला (मानाची पदवी मिळालेल्या ज्येष्ठ बॅरिस्टरला) वाटलं तर ते तुम्हाला लाल पिशवी भेट देतात. लाल पिशवी विकत घ्यायची नसते.

विगचं दुःख वेगळंच. घोड्याच्या केसांचा, पाचशे पाउंडांच्या पुढे, काळ्या पत्र्याच्या डब्यात, डब्यावर सोनेरी अक्षरात तुमचं नाव. हौसेने घेतला आणि नंतर कळलं की मॅजिस्ट्रेट कोर्टात, म्हणजे सगळ्यात खालच्या फौजदारी कोर्टात, विग घालतच नाहीत, आणि प्युपिलला सुरुवातीला सगळं काम तिथेच मिळतं. माझा विग पाच महिने डब्यात झोपून होता.

सेकंड सिक्स सुरू झालं की तुम्हाला तात्पुरतं लायसन्स मिळतं आणि एका रात्रीत सावलीचा माणूस होतो. इथे कथेत येतो क्लार्क. हा आपल्या ऑफिसातला कारकून नव्हे हं, कोणाला कुठलं काम द्यायचं, फी किती, सॉलिसिटरशी संबंध, सगळ्याची दोरी ह्याच्या हातात, आणि काही सिनिअर क्लार्क बऱ्याच बॅरिस्टरांपेक्षा जास्त कमावतात. संध्याकाळी साडेपाचला फोन वाजतो, उद्या सकाळी नऊ वाजता अमुक गावच्या कोर्टात, कागद ईमेल केलेत. गाव कुठे आहे हेही माहीत नसतं. नाही म्हणायचा प्रश्नच नसतो. पहाटे सव्वापाचची ट्रेन, गाडीत केस वाचायची, डब्यात पोहे. दिवाणी चेंबर्सच्या प्युपिलांचं पण असंच, फक्त जामिनाऐवजी गाड्यांचे अपघात, घरमालक-भाडेकरू आणि किरकोळ रकमेचे दावे.

माझा पहिला दिवस. तपशील थोडे बदललेत, अशिलाचं गुपित ते गुपित. एकोणीस वर्षांचा मुलगा, मारहाणीचा आरोप, खाली कोठडीत, मला जामीन अर्ज करायचा होता. १९७६ च्या जामीन कायद्याप्रमाणे जामीन हा सर्वसाधारण नियम आहे, नाकारायचा तर कोर्टाला ठोस कारण लागतं: पळून जाईल, पुन्हा गुन्हा करेल, साक्षीदारांना धमकावेल, असं मानायला सबळ आधार. तर आपलं काम असतं ह्या प्रत्येक भीतीवर एकेक अट सुचवणं. रात्रीची घरबंदी, पोलीस स्टेशनला हजेरी, फिर्यादीच्या वाऱ्यालाही उभं राहायचं नाही, आणि राहायला दुसरा पत्ता. पत्ता मुलाने दिला, मावशीचा. मी लिहून घेतला, खुश झाले, वर गेले. समोर तीन मॅजिस्ट्रेट, हे पूर्णवेळ जज नसतात, साधी नागरिक माणसं असतात आणि कायदा सांगायला खाली एक लीगल अ‍ॅडव्हायझर बसलेला असतो. मी झकास बोलले, निदान मला तसं वाटलं. मग सरकारी वकील उठल्या आणि एकच वाक्य म्हणाल्या की हा पत्ता फिर्यादीच्या घरापासून चार मिनिटांवर आहे.

मॅपवर बघितलंच नव्हतं मी. साधं मॅपवर बघितलं नव्हतं. तिघांनी माझ्याकडे पाहिलं आणि माझं तोंड उघडं, शब्द नाही. खरं सांगते, त्या क्षणी मला स्मॉल कॉजेस कोर्टातले गांधीजीच आठवले. लीगल अ‍ॅडव्हायझरना दया आली असावी, म्हणाले प्रकरण थोडं मागे ठेवायचं का, आपल्याकडे पासओव्हर म्हणतात तसं. मी खाली पळाले, दुसऱ्या गावातल्या मामाचा नंबर घेतला, मामा फोन उचलेना. जामीन नामंजूर. मुलगा ओरडला नाही, उलट मलाच म्हणाला इट्स ओके मिस, आणि ते जास्त लागलं.

फर्स्ट सिक्स आणि सेकंड सिक्समधला फरक एवढाच आहे. चुका दोन्हीकडे होतात, पण पहिल्या सहा महिन्यांत त्या तुमच्या वहीत राहतात. पुढच्या तारखेला परत एकदा अर्ज करायचा हक्क असतो, तेव्हा मामाचा पत्ता पक्का करून जामीन मिळाला. मी तिथे नव्हते, क्लार्कने मला भलत्याच कोर्टात पाठवलं होतं. आता मी अशिलाचं नाव विचारायच्या आधी पत्ता विचारते.

ह्या सगळ्याचे पैसे कधी मिळतात? केव्हातरी. बिल जातं, आणि मग महिने जातात. मॅजिस्ट्रेट कोर्टातल्या एका हजेरीचे पैसे ट्रेनच्या तिकिटात कधी अर्धे जातात. २०२२ मध्ये फौजदारी बॅरिस्टर सरळ संपावर गेले होते, विग-गाऊन घालून कोर्टाबाहेर उभे, जूनमध्ये सुरुवात आणि ऑक्टोबरमध्ये लीगल एडच्या (सरकारी खर्चाने लढवल्या जाणाऱ्या केसच्या) फीमध्ये १५ टक्के वाढीवर मिटलं. साताऱ्याला हे सांगितलं तर कोणी विश्वास ठेवत नाही की बॅरिस्टर आणि संप? लंडन म्हणजे सोन्याच्या विटा असंच डोक्यात बसलंय.

वर्ष संपत आलं की टेनन्सीचा निर्णय, म्हणजे चेंबर्स तुम्हाला कायमचं सभासद करून घेणार की नाही. त्यासाठी सगळे सभासद मिळून मतदान करतात. ज्यांच्याबरोबर वर्षभर चहा प्यायलात तेच बंद दाराआड तुमच्यावर चर्चा करतात, ह्याची मानसिक तयारी कोणी करून देत नाही. मला नाही म्हणाले. रडले, दोन दिवस कोणाचा फोन घेतला नाही, आणि मग थर्ड सिक्स शोधायला लागले, म्हणजे दुसऱ्या चेंबर्समध्ये आणखी सहा महिने, तुम्ही पूर्ण लायसन्सवाले बॅरिस्टर असता पण परत परीक्षेवर. हे होणं फार कॉमन आहे आणि त्यात लाज नाही, चांगले चांगले लोक ह्या वाटेने गेलेत. तिथे मात्र घेतलं.

महाराष्ट्रातून जे ह्याचा विचार करतायत त्यांना एक गोष्ट ठळक सांगायची आहे, कारण ह्यावरून एजंट लोक बरंच फिरवतात. लंडनला कॉल होऊन आलात म्हणून भारतात वकिली करता येते हे आता नाही. १९६१ च्या अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टमध्ये बॅरिस्टर म्हणून नाव नोंदवायची सवलत होती ती ३१ डिसेंबर १९७६ पर्यंत कॉल झालेल्यांपुरती. म्हणून तर नावापुढे बॅरिस्टर लावणारी मंडळी सगळी आजोबांच्या पिढीतली दिसतात. आता भारतात प्रॅक्टिस करायची तर बार कौन्सिल ऑफ इंडियाने मान्य केलेली लॉची डिग्री हवी, ती परदेशी असेल तर वर पात्रता परीक्षा. आणि उलट, तुम्ही इथे सनद घेतलेले वकील असाल तर तिथल्या बार स्टँडर्ड्स बोर्डाकडे, म्हणजे बॅरिस्टरांवर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेकडे, अर्ज करून ट्रेनिंगच्या काही भागातून सूट मागता येते, किती मिळेल ते तुमच्या अनुभवावर. बार कोर्सला प्रवेश मिळाला म्हणजे प्युपिलेज मिळालं असं समजून घर गहाण टाकू नका एवढंच.

परवा आत्याचा परत फोन. चेंबर्सच्या दारावर रंगाने नावं लिहिलेली पाटी असते, सिनिऑरिटीने, त्यात सगळ्यात खाली माझं नाव आलंय, तो फोटो तिला पाठवला होता. खूप खुश, म्हणाली देवाला नारळ फोडला, सुटलीस बाई एकदाची ट्रेनिंगमधून. मी हो म्हटलं. पहिली तीन वर्षं नवशिक्यांसाठी ४५ तासांचं सक्तीचं शिक्षण असतं, त्यातले निदान ९ तास परत अ‍ॅडव्होकसी, आणि तेवढी वर्षं एकट्याचं ऑफिस थाटता येत नाही, कोणीतरी अनुभवी माणूस जवळ लागतो, हे तिला अजून सांगितलेलं नाही.